सहा वार आणि एक उपास

माणसानं सत्तरी ओलांडली की वाढदिवसाला त्याला काय द्यावं, हा घरच्यांपुढे मोठा पेच असतो. शाल द्यावी, तर आधीच्या चार शाली कपाटात डांबरगोळ्यांच्या सहवासात कृतार्थ जीवन कंठीत असतात. पुस्तक द्यावं, तर "ठेवायचं कुठं?" असं आमची हीच विचारते. यंदा सूनबाईंनी यावर तोडगा काढला. माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आत चिठ्ठी होती : 'जुन्या पुण्याची खाद्यसफर. पायी. मार्गदर्शकासह. माणशी दीड हजार रुपये. खाणं त्यातच.'

"सफर कुठून कुठं?" मी विचारलं.

"शनिवारवाड्यापासून सदाशिव पेठेपर्यंत."

मी गप्प बसलो. सदाशिव पेठेत माझा जन्म गेला. म्हणजे जन्म तिथं झाला आणि पुढली चौतीस वर्षंही तिथंच गेली. मग आम्ही कोथरूडला आलो. तेवढं अंतर मी लहानपणापासून हजार वेळा चाललो असेन. हातात मंडईची पिशवी, खिशात मोजून दिलेली चिल्लर आणि मागून आईचा आवाज : "भेंडी मोडून बघून घे रे!" या चालण्याचे कुणी पैसे दिले नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत. आता दीड हजार भरून मी माझ्याच पेठेत पाहुणा म्हणून जायचं होतं.

"परत देता येतात का?" मी हळूच विचारलं.

"नाही," सूनबाई म्हणाल्या. मग गेलो. पुणेकर जीव गमावेल, पण भरलेले पैसे गमावणार नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता दिल्ली दरवाजासमोर आम्ही आठजण जमलो. बंगळूरचं एक जोडपं, एक अमेरिकन बाई, नागपूरचे दोन तरुण, मुंबईच्या दोन बहिणी आणि मी. मार्गदर्शक म्हणजे विशी-बाविशीचा एक लुकडा पोरगा. डोक्याला फेटा, पायात बूट आणि कमरेला लाऊडस्पीकरची एक डबी. आवाज मात्र खणखणीत.

"मंडळी, हा शनिवारवाडा! इथूनच पुण्याच्या खाद्यसंस्कृतीचा उगम झाला! आज आपण जे जे खाणार आहोत, ते सगळं पेशवेकालीन आहे!"

शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिला आणि १८२८ साली आतून जळून खाक झाला. राहिल्या त्या भिंती, बुरूज आणि दरवाजे. त्यातून खाद्यसंस्कृती बाहेर निसटली असेल, तर ती फार चपळ असली पाहिजे. पण मी काही बोललो नाही. पाहुण्यानं पाहुण्यासारखं वागावं.

पहिला थांबा बटाटेवड्याचा. "पेशव्यांच्या पंगतीपासून चालत आलेला हा पदार्थ," असं पोरानं सांगितलं आणि मला ठसका लागला. बटाटा हा शब्दच मुळी पोर्तुगीज. दक्षिण अमेरिकेतलं हे कंद, समुद्र ओलांडून फिरंग्यांबरोबर इकडे आलं आणि त्याची लागवड देशभर पसरली ती इंग्रजी अमदानीत. मिरची तिकडचीच. ती बटाट्याच्या मानानं लवकर रुळली, एवढंच. उद्या पानपतच्या छावणीत बटाटेवड्याचा घाणा चालू होता, असं हा पोरगा सांगेल, अशी मला धास्ती वाटू लागली. नागपूरकरांना ऐतिहासिक शंका नव्हती. त्यांची शंका वेगळीच होती. "काका, याच्यात तिखट टाकायचं राहून गेलं का?"

दुसरा थांबा मस्तानी. घट्ट दूध, त्यावर आइस्क्रीमचा गोळा. "बाजीरावसाहेब आणि मस्तानीसाहेब..." पोरानं सुरुवात केली. बिचारी मस्तानी १७४० साली गेली. तिच्या वाट्याला पुण्यानं जिवंतपणी जे काही दिलं, त्यात थंड आणि गोड असं फारसं काही नव्हतं. पुढं विसाव्या शतकात कुणा दूधवाल्यानं तिचं नाव एका पेल्याला दिलं आणि जिला घरात घेताना खळखळ केली, तिला आता पुणेकर रांगा लावून पोटात घेतात. इतिहास असा कधीकधी उशिरा का होईना, भरपाई करतो. पण पावती चुकीच्या नावावर फाडतो.

मंडईपाशी मात्र मला राहवलं नाही. "ही पेशवेकालीन मंडई," असं ऐकताच माझ्यातला सदाशिवपेठी जागा झाला.

"बाळ," मी म्हटलं, "ही इमारत १८८६ सालची. रे नावाचा गव्हर्नर होता, त्याच्या नावानं हिला रे मार्केट म्हणत. त्याआधी भाजीबाजार भरायचा शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात. आणि गंमत अशी, की जोतिबा फुले नगरपालिकेत होते तेव्हा या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले. कुणी ऐकलं नाही. पुढं त्यांचंच नाव तिला दिलं."

पोरानं डबी बंद केली. मला वाटलं, चिडला. पण तो म्हणाला, "सर, जरा सावकाश सांगा ना. लिहून घेतो." आणि खरोखरच खिशातून वही काढली.

वही काढणारा श्रोता मला आयुष्यात प्रथमच भेटत होता. घरी मी इतिहास सांगू लागलो की कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचं काम निघतं. मी सुटलो.

तिसरा थांबा अमृततुल्य चहाचा. पितळी भांडं, आलं-वेलदोड्याचा वास, उभ्याउभ्या प्यायचा अर्धा कप. मी म्हटलं, "हा अस्सल पुणेरी चहा. पण ही दुकानं चालवणारी बरीचशी घराणी मूळची राजस्थानातली. आणि याच चहापायी अस्सल पुणेकरांनी एकदा केवढं रामायण केलं, ठाऊक आहे? इथून दहा-पंधरा मिनिटांवर गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे. १८९० साली तिथं एक व्याख्यान झालं. आनंदीबाई जोशांचे यजमान गोपाळराव यांनी गावातल्या थोरामोठ्यांना बोलावलं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कुणी चहा घेतला, कुणी मानापुरता कप हातात धरला. गोपाळरावांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली! गावात ग्रामण्य उसळलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळक म्हणाले, मी काशीला प्रायश्चित्त घेऊन आलोय. रानड्यांनी घरच्यांचा आणि स्नेह्यांचा त्रास पाहून १८९२ साली घेऊन टाकलं. एका कपाचा हा हिशेब दोन वर्षं चालला."

अमेरिकन बाईंनी कपाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "मग आत्ता मी कुणाला संकटात टाकलं का?" बंगळूरकरानं भाषांतर केलं. सगळे हसले. मीही हसलो. पण पुढचं सांगताना हसू येईना.

"तिथून जवळच, गंज पेठेत, जोतिबा फुल्यांचं घर. त्या घरातला पाण्याचा हौद १८६८ साली त्यांनी अस्पृश्यांना खुला केला. साधं पाणी. म्हणजे बघा, या पेठांतला खाण्यापिण्याचा खरा इतिहास काय खाल्लं हा नाहीच. कुणी कुणाच्या हातचं खाल्लं, कुणी कुणाला पाणी दिलं आणि कुणाला दिलं नाही, हा आहे."

एव्हाना आम्ही विश्रामबागवाड्यावरून सदाशिव पेठेत शिरलो होतो. शेवटचा थांबा एका हॉटेलातली साबुदाण्याची खिचडी. पोरगा आता सावध झाला होता. "ही... पेशवेकालीन आहे का हो, सर?"

"नाही रे. हाही दक्षिण अमेरिकेतल्याच एका कंदाचा पराक्रम. सेलमकडे त्याचे कारखाने १९४० नंतर निघाले. त्याआधी साबुदाणा जहाजातून यायचा, मलायाकडून. आपला उपास इतका परदेशी आहे."

खिचडीची बशी पुढ्यात आली. दाण्याचं कूट, वर खोबरं. आणि हॉटेलच्या खिडकीतून समोर पाहिलं तर तो बोळ. बोळाच्या तोंडाशी आता सहा मजली इमारत आहे, खाली मोटारी लावायची जागा. तिथं पूर्वी वाडा होता. माझ्या वडिलांचं शनिवारचं घर.

"शनिवारचं घर म्हणजे?" मुंबईच्या थोरल्या बहिणीनं विचारलं.

मग सांगावं लागलं. आमचे वडील १९३३ साली राजापूरकडून पुण्याला शिकायला आले, तेव्हा तेरा वर्षांचे होते. जवळ एक वळकटी आणि कुणाची तरी चिठ्ठी. गरीब मुलानं शिकायचं म्हणजे एक तर माधुकरी मागायची, नाही तर वार लावायचे. आठवड्याचे सात वार, सात घरं. ज्याचा जो वार ठरला, त्या घरी त्या दिवशी जेवायचं. या पेठांतून अशी शेकडो मुलं जेवून मोठी झाली. अशाच मुलांसाठी १९०९ साली इथं अनाथ विद्यार्थी गृह निघालं. १९३५ साली लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस झालं, मूकपट काढणाऱ्या नानासाहेब सरपोतदारांनी काढलेलं. पण वडिलांना ते बाहेरून माहीत. वास घ्यायला पैसे पडत नसत, असं म्हणायचे.

सोमवारी वकिलांकडे. तिथं घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर पडवीत पान मांडीत आणि पोळ्या मोजून वाढीत. मंगळवारी वैद्यांकडे. ते जेवताना घास किती वेळा चावावा ते सांगत. बुधवारी एका मास्तरांकडे. तिथं भातापेक्षा गणितं जास्त. शुक्रवार, रविवार असेच. आणि शनिवारी या बोळातल्या एक आजी. विधवा, सोवळ्यात. स्वतः एकभुक्त राहायच्या आणि चार घरचे पापड लाटून पोट भरायच्या. आमटी पातळ असायची, पण "अजून वाढू का रे?" असं विचारणारं घर ते तेवढं एकच.

"आणि गुरुवारी?" पोरानं विचारलं. त्याची पेन्सिल थांबली होती.

गुरुवारी आमचे वडील उपास करीत. जन्मभर केला. आम्हां मुलांना वाटे, दत्तभक्ती. आईलाही तसंच वाटे. दर गुरुवारी ती निगुतीनं खिचडी करी आणि दत्ताच्या तसबिरीला हार घाली. पाहुण्यांना अभिमानानं सांगे, "यांचा गुरुवार कधी चुकला नाही." वडील मान खाली घालून खात. २००२ साली त्यांचं वय ब्याऐंशी. डॉक्टरांनी साखर पाहून उपास बंद केले. आई तेव्हा नव्हती. त्या गुरुवारी हिनं त्यांच्यापुढं भात-आमटीचं ताट ठेवलं. ते बराच वेळ ताटाकडे पाहत बसले. आम्हांला वाटलं, व्रत मोडलं म्हणून वाईट वाटतंय. मग म्हणाले,

"गुरुवारचं घर मिळालं म्हणायचं एकदाचं."

तेव्हा कळलं. सहाच घरं मिळाली होती. सातवं मिळालंच नाही. विचारणाऱ्यांना सांगायला लाज वाटायची, म्हणून तेरा वर्षांचा मुलगा सांगायचा, 'मला गुरुवारचा उपास असतो.' पुढं नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं. पण सांगितलेलं खोटं एव्हाना भक्ती होऊन बसलं होतं. आईचा मोडता घालायचं त्यांच्या जिवावर आलं. सत्तर वर्षांत दत्तमहाराजांनी काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

टेबलाशी कुणी काही बोललं नाही. नागपूरकरांपैकी एकानं खिचडीची बशी पुसून स्वच्छ केली. एवढ्या वेळात त्यानं पहिल्यांदाच तिखटाची चौकशी केली नव्हती.

सफर संपली. मंडळी पांगली. पोरगा फेटा काढून घाम पुसत उभा होता. फेट्याखालून अगदीच कोवळं तोंड निघालं. "काका," तो म्हणाला, 'सर'वरून तो 'काका'वर आला होता, "मी जे सांगत होतो ते मला पाठ करायला दिलेलं होतं. चुकीचं आहे, माहीत नव्हतं."

"कुठला रे तू?"

"बीडकडचा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. कॉट बेसिसवर राहतो, इथंच मागं. रविवारची ही सफर केली की मेसचे पैसे सुटतात."

"मग आज दुपारी मेसमध्ये फीस्ट असेल."

"असते ना. रात्री बंद असते."

हे मला ठाऊक होतं. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. पेठांतली हजारो पोरं त्या रात्री काय खातात, ही चौकशी मात्र मी चौतीस वर्षं पेठेत राहूनही कधी केली नव्हती.

"मग रविवारी रात्री काय करतोस?"

तो हसला. पायातल्या बुटाकडे बघत म्हणाला, "रविवारी मला तशी भूक नसते, काका."

हे वाक्य मी ओळखीत होतो. फक्त यात दत्तमहाराज नव्हते.

आता दर रविवारी रात्री आठ वाजता तो कोथरूडला येतो. पहिल्या दिवशी हिनं पिठलं-भात केला होता. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "काकू, अगदी पेशवे—" आणि माझ्याकडे बघून थांबला.

आमच्या घरी जेवायला एवढी एकच अट आहे. पोळ्या मात्र आम्ही मोजत नाही.