महाभारताची चिकित्सक आवृत्ती आणि एक नागमोडी रेघ

ग्रंथ छापून झाला की विद्वानाचे काम संपले, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना ती मुळातूनच नाकारली. १९१९ साली आरंभलेल्या या कार्याचा पहिला छापील नमुना म्हणजे ना. बा. उटगीकरांनी संपादिलेले १९२३ चे विराटपर्व. ते अंतिम म्हणून काढलेच नव्हते; देशोदेशींच्या पंडितांनी त्यातील उणिवा दाखवाव्यात, एवढ्यासाठीच ते त्यांच्याकडे धाडले गेले. पुढे हेच पर्व रघुवीर यांनी नव्याने संपादिले.

१९२५ मध्ये वि. सी. सुखटणकर प्रमुख संपादक झाले. त्यांनी आदिपर्वही एकदम न देता १९२७ पासून खंडशः प्रसिद्ध केले. साहजिकच, पर्व पुरे होण्याआधीच टीका हाती येऊ लागली. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांचे म्हणणे असे की, नीलकंठांचा रूढ पाठच पायाभूत मानावा आणि इतर पाठभेद तळाशी द्यावेत. (हे नीलकंठ चतुर्धर मूळचे कोपरगावचे, पण त्यांचे ग्रंथकर्तृत्व बहरले ते काशीत. प्रांताबाहेरील मराठी माणसांच्या अशा कार्याची नोंद आपण क्वचितच ठेवतो.) सुखटणकरांनी १९३३ च्या प्रस्तावनेत हा आक्षेप स्वतःच मांडून त्याचा परामर्श घेतला. सतराव्या शतकातील संमिश्र पाठाला पाया मानणे त्यांना मान्य नव्हते, आणि ते योग्यच होते.

पण खरी उदारता दिसते ती पानाच्या रचनेत. वर स्वीकृत संहिता, खाली हस्तलिखितांतील पाठभेद; आणि जेथे संपादकालाच पुरती खात्री नाही, तेथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ! व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची लोकप्रिय कथा संहितेतून वगळली गेली, पण ती परिशिष्टात छापलेली आहे. निर्णय न पटणाऱ्या वाचकाच्या हाती सारा पुरावा राहतो. या पुराव्याच्या जुळणीत तंजावरच्या सरस्वती महालाचाही वाटा होता. दक्षिणी हस्तलिखिते तेथे ताडून पाहिली जात.

आदिपर्व छापून झाल्यावर राजगुरू हेमराज यांच्याकडून नेपाळातील एक प्राचीन हस्तलिखित उपलब्ध झाले. सुखटणकरांनी आपली छापील संहिता त्याच्याशी पुन्हा पडताळली आणि तिचा निष्कर्ष संस्थेच्या ‘अॅनल्स’मध्ये प्रसिद्ध केला.