गिटारचा सोलो : तबकडीतला आणि मैफलीतला

रॉक संगीत ऐकणारी चार माणसे एकत्र बसली की एक वाद ठरलेला. एक म्हणतो, सोलो ऐकावा तर मूळ तबकडीतला. दुसरा म्हणतो, छे, तो घासूनपुसून केलेला माल. वादक कळतो तो हजारो लोकांसमोर. आपल्या नाट्यसंगीताच्या रसिकांना हा वाद काही नवा नाही. पण रॉकच्या बाबतीत त्याला एक इतिहास आहे, आणि तो नीट पाहिला तर दोन्ही बाजूंचे वकील थोडे अडचणीत येतात.

सोलो म्हणजे गाणाऱ्याने थांबायचे आणि गिटारवाल्याने पुढे यायचे, ती जागा. साठच्या दशकाच्या आरंभी ही जागा अगदी तोकडी असे, कारण छोटी तबकडी दोन-तीन मिनिटांत संपायची. दशक संपता संपता दोन गोष्टी बदलल्या. मोठ्या तबकडीचा, म्हणजे एलपीचा, जमाना आला आणि एका बाजूला वीस मिनिटांची सोय झाली. दुसरी गोष्ट म्हणजे स्टुडिओतल्या फितीवर आधी आठ, मग सोळा, पुढे चोवीस वेगवेगळ्या पट्ट्यांत मुद्रण करता येऊ लागले. आता गंमत पहा, पहिल्या सोयीने वादकाला मोकळे रान मिळाले, तर दुसरीने खोडरबर. एकाच गाण्याची दोन रूपे व्हायला तिथूनच सुरुवात झाली.

१९६८ साली क्रीम या इंग्लिश त्रिकुटाचा 'व्हील्स ऑफ फायर' हा दोन तबकड्यांचा संच आला. एक तबकडी स्टुडिओतली, दुसरी जाहीर कार्यक्रमातली. म्हणजे वाद एकाच वेष्टनात बांधून दिलेला! त्यातले 'स्पूनफुल' हे गाणे त्यांनी १९६६ मध्ये स्टुडिओत साडेसहा मिनिटांत संपवले होते. इथे मंचावर तेच सोळा मिनिटांच्या पुढे गेले. एरिक क्लॅप्टनची गिटार, जॅक ब्रूसचा बास आणि जिंजर बेकरचे ड्रम्स, तिघेही एकमेकांना डिवचत पुढे जातात. सोळा मिनिटे सगळ्यांनाच पेलतात असे नाही, पण ती स्टुडिओत सुचली नसती हे नक्की.

आता स्टुडिओची बाजू. आमच्या कचेरीत टिपणी आधी कच्ची लिहितात, साहेब त्यावर खुणा करतात, मग स्वच्छ प्रत निघते. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मोर 'कम्फर्टेबली नम' (१९७९) या गाण्याच्या सोलोबद्दल सांगतो ते थेट असेच आहे. त्याने पाच-सहा वेळा सोलो वाजवून वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेतला, मग ऐकत बसून कागदावर कुठला तुकडा चांगला, कुठला टाकाऊ अशा खुणा केल्या आणि शेवटी एका पट्टीचा आवाज चढवत, दुसरीचा उतरवत तुकडे जोडून टाकले. जगभर ज्याला काळजातून आलेला सोलो म्हणतात, तो ज्या क्रमाने आपण ऐकतो त्या क्रमाने आधी कधी वाजलाच नव्हता! म्हणून तो खोटा का? मला तसे वाटत नाही. तुकडा न् तुकडा त्याच्याच बोटांतला आहे, निवडही त्याचीच.

डीप पर्पलच्या रिची ब्लॅकमोरने 'हायवे स्टार'साठी (१९७२) निराळी वाट धरली. एरवी आयत्या वेळी वाजवणाऱ्या या माणसाने हा सोलो आधीच सूर न् सूर बसवून ठेवला होता, बाखच्या वळणाच्या स्वरक्रमावर. ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची (१९७६) हकिगत तर याहून मजेदार. डॉन फेल्डरने चाल घरी कॅसेटवर बांधली होती. मायामीच्या स्टुडिओत तो आणि जो वॉल्श शेवटचा सोलो नव्याने वाजवू लागले, तेव्हा डॉन हेनलीने त्यांना थांबवले : कॅसेटमध्ये आहे तसेच हवे. फेल्डरला मूळ सूर आठवेनात. शेवटी घरकाम पाहणाऱ्या बाईंना फोन करून ती कॅसेट फोनवरून ऐकवायला सांगावी लागली. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणतो ती घरच्या कॅसेटची नक्कल आहे. २००१ मध्ये फेल्डर बाहेर पडला, त्याच्या जागी स्ट्युअर्ट स्मिथ आला. श्रोत्यांना मात्र सूर तेच हवे असतात आणि तेच मिळतात.

लेड झेपेलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'ने आणखी एक गोंधळ घातला. जिमी पेजने स्टुडिओत तीन सोलो घेतले, त्यांतला एक ठेवला. ते गाणे असलेली तबकडी ८ नोव्हेंबर १९७१ ला आली, पण बेलफास्टच्या लोकांनी गाणे त्याच वर्षी ५ मार्चला अल्स्टर हॉलमध्ये प्रत्यक्ष ऐकले होते. त्यांच्यासाठी मूळ कुठले? स्टुडिओतला सोलो टेलिकास्टर गिटारवर आहे. मंचावर बारा तारांवरून सहा तारांवर जायला सवड नसे, म्हणून पेज दोन मानांची गिब्सन वापरी. आवाजाचा पोत तिथेच बदलला. आठ मिनिटांचे गाणे दहाच्या पुढे जाऊ लागले, आणि वाढलेला वेळ बराचसा सोलोचाच असे.

मग मंचावरचे तेवढे अस्सल म्हणावे, तर तिथेही हात फिरलेला असतो. थिन लिझीचा 'लाइव्ह अँड डेंजरस' (१९७८) हा गाजलेला संच. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो की त्यातले बरेचसे नंतर स्टुडिओत भरले. वादकांनी ते साफ नाकारले. तेव्हा वेष्टनावर 'लाइव्ह' छापले म्हणून पंचनामा झाला असे समजू नये.

तरीही मला मैफलीच्या बाजूने एक गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेच्या ऑलमन ब्रदर्स बँडने 'व्हिपिंग पोस्ट' हे गाणे १९६९ मध्ये स्टुडिओत पाचेक मिनिटांत मुद्रित केले. पुढे मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात तेच गाणे वाजले तेव्हा तेवीस मिनिटे चालले आणि एलपीची अख्खी एक बाजू त्याला द्यावी लागली. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स यांच्या गिटारी त्यात एकमेकींना सवाल टाकतात, मध्येच सगळे इतके मंदावते की वाटते संपले, आणि तिथून पुन्हा उभे राहते. संच जुलैत निघाला. २९ ऑक्टोबर १९७१ ला मोटरसायकल अपघातात ड्वेन गेला. वय २४. त्या रात्रींना फीत फिरत नसती, तर हा मुलगा भरात आला की काय करतो याचा पुरावा आपल्या हाती फारच थोडा उरला असता.

इथे मला आपल्या केसरबाई केरकर आठवतात. फोंड्याजवळच्या केरीत १८९२ साली जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याची तबकडी अंतराळात गेली, तिच्यात त्यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. त्याच तबकडीवर चक बेरीचे 'जॉनी बी. गुड' हे १९५८ चे गाणेही आहे, रॉक गिटारच्या वाटेवरचा मैलाचा दगड. दोन्ही आटोपशीर, तबकडीच्या मापात बसवलेली. चक बेरीचे गाणे मुळातच तेवढे होते. केसरबाईंचे तसे नव्हते. एकेक राग सावकाश उलगडणारे त्यांचे गाणे ज्यांनी समोर बसून ऐकले, त्यांच्याबरोबरच त्यातले बरेचसे गेले.

म्हणून वाद घालताना निदान एवढे विचारावे : हे वाजवले कसे, जोडले कोणी, आणि हे मुद्रण नसते तर काय हरवले असते? सवड मिळेल त्या रविवारी 'व्हिपिंग पोस्ट' आधी स्टुडिओतले ऐका आणि लगेच फिलमोरचे. मध्ये चहाला उठू नका.