आभासी मातीचा स्पर्श

संगणकाने निर्माण केलेल्या आभासी जगातील वस्तू डोळ्यांप्रमाणेच हातालाही जाणवावी, यासाठी विकसित झालेले तंत्रशास्त्र म्हणजे ‘हॅप्टिक्स’. स्पर्शवाचक ग्रीक शब्दावरून हे नाव रूढ झाले. माती, कणीक किंवा शरीरातील ऊती अशा मऊ पदार्थांचा स्पर्श उभा करणे, हा या शास्त्रातील अवघड प्रश्न मानला जातो.

रबर दाबून सोडले की ते मूळ आकारात परतते. हा स्थितिस्थापकतेचा गुण. ओली माती एका मर्यादेपलीकडे दाबली की नवा आकार धारण करते, ही आकार्यता. कणकेत दोन्ही गुण असतात, शिवाय ती झटक्याने दाबल्यास अधिक विरोध करते. त्यामुळे बोटाला जाणवणारे बल आणि पदार्थाचा बदललेला आकार या दोहोंचे गणित संगणकाला एकाच वेळी करावे लागते.

त्यासाठी पदार्थ स्प्रिंगांनी जोडलेल्या बिंदूंचे जाळे मानला जातो किंवा त्याचे लहान घटकांत विभाजन केले जाते. पहिली रीत वेगवान, तर दुसरी अधिक अचूक पण संथ असते. पडद्यावरील चित्र सेकंदाला ३० ते ६० वेळा बदलले तरी पुरते. हाताला जाणवणारे बल मात्र सुमारे १००० वेळा मोजावे लागते. त्यात खंड पडल्यास उपकरण थरथरू लागते व मऊपणाचा भास मोडतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये थॉमस मॅसी व केनेथ सॅलिसबरी यांनी घडविलेले ‘फॅन्टम’ हे उपकरण १९९४ साली शोधनिबंधातून मांडले गेले. त्याच्या टोकाशी असलेल्या अंगुस्तान्यात बोट घातले, की मोटारींद्वारे आभासी वस्तूचा विरोध जाणवतो. पुढे याच तंत्रावर आधारलेल्या ‘फ्रीफॉर्म’ प्रणालीत सूक्ष्म घनांची बनलेली आभासी माती कोरणे व तिच्यात भर घालणे शक्य झाले.

तथापि, एका बिंदूवरील बल म्हणजे संपूर्ण स्पर्श नव्हे. मऊ पृष्ठभागात बोट रुतते, त्वचेचा संपर्क पसरत जातो आणि मृदुता प्रामुख्याने त्यावरूनच ओळखली जाते, हे श्रीनिवासन व लामोट यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसून आले.

शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणात या अचूकतेला विशेष मोल आहे. ऊतीतील गाठ बोटांनी चाचपणे किंवा टाका किती ताणावा हे ठरविणे, ही हाताची विद्या आहे. आभासी ऊती खऱ्यापेक्षा टणक भासली, तर शिकणाऱ्याच्या हाताला नको तेवढ्या जोराची सवय लागू शकते आणि तिची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते.