फोटोत तीच, पण ती नाही

सेल्फ-पोर्ट्रेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो आरशात बघून स्वतःचा चेहरा काढणारा चित्रकार. बंगळुरूच्या पुष्पमाला एन. मात्र हे गणितच उलटं करतात. त्या बडोद्याला शिल्पकला शिकल्या. पण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून स्वतःच वेष बदलून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहू लागल्या.

२००० ते २००४ या काळात त्यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही मालिका केली. प्रदर्शनात आधी ओळखीची चित्रं भेटतात. उदाहरणार्थ, रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी. हो, तोच छापखाना, जो १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कॅलेंडरवरची ती लक्ष्मी, पण चेहरा पुष्पमालांचा! आपल्याला हसू येतं.

मग समोर येते तोडा बाई. पाठीमागे चौकोनाचौकोनांचा पडदा. इथे हसू थांबतं.

मंडळी, हे चौकोन उगाच आलेले नाहीत. १८६९ मध्ये जे. एच. लॅम्प्रे यांनी लाकडी चौकटीत रेशमी दोरे ताणून दोन-दोन इंचांचे चौकोन केले. त्यापुढे माणसाला उघडं उभं करायचं, फोटो काढायचा, मापं घ्यायची. म्हणजे जिवंत माणूस ग्राफ पेपरवर! मद्रास म्युझियमचे एडगर थर्स्टन तर लोकांची डोकी आणि नाकं मोजायचे. १९०९ मध्ये त्यांचे दक्षिणेतल्या जातीजमातींवरचे सात खंड निघाले. थोडक्यात, माणसांचा डेटाबेस. अशा फोटोंखाली बहुतेक वेळा जमातीचं नाव असायचं, बाईचं नाही.

आता कुणी म्हणेल, हे तर वेषांतर झालं, यात ‘सेल्फ’ कुठाय? मला वाटतं, तो निवडीत आहे. त्या जुन्या फोटोतल्या बाईला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. पुष्पमाला त्याच जागी स्वतःहून उभ्या राहतात, आणि मालिकेच्या एका भागात सेट कसा उभारला तेही दाखवतात. तेव्हा कळतं, तो ‘शास्त्रीय’ फोटोसुद्धा एक सेटच होता!

आपणही आयडी कार्डासाठी पांढऱ्या पडद्यापुढे ताठ बसतोच की. ‘सरळ बघा, हसू नका.’ पुढच्या वेळी बसाल तेव्हा, हा पडदा कुणी लावलाय आणि कशासाठी, एवढं मनात तरी विचारून बघा.