खेळपट्टी कोण चोपतं?

मैदान आभाळातून पडत नाही. ते कुणाच्या तरी जमिनीवर असतं आणि कुणाच्या तरी हातांनी सपाट होतं. जमिनीच्या मालकाचं नाव सातबाऱ्यावर मिळतं. हातांचं मिळत नाही. ते शोधायला गेल्या मे महिन्यात आम्ही तिघं रत्नागिरी जिल्ह्यात दिवसभर गावोगावची क्रिकेटची मैदानं बघत फिरलो. याच जिल्ह्यात का, तर ज्या पालवण गावावरून पालवणकर हे आडनाव आलं, ते इथलं.

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, भाताची शेतं मोकळी असतात. बांध सपाट करायचा, मधली पट्टी पाणी मारून चोपण्यानं चोपायची, खळं करतात तशी. झालं मैदान. संघ वाडीवार. बौद्धवाडीचं स्वतःचं मैदान पऱ्ह्याकाठी, दर पावसाळ्यात अर्धं वाहून जाणारं. देवळामागच्या मोठ्या मैदानावर मात्र चोपायला बौद्धवाडीचीच पोरं. शेजारच्या गावाशी सामना असला की यांच्यातला एक फास्ट बॉलर गावाच्या संघात घेतात. नाही घेतला तर हरतात ना! कप्तान कोण, विचारलं. पोरं नुसती हसली. पाण्याचा पिंप भरलेला होता, पण ह्यांनी आपल्या बाटल्या घरून आणल्या होत्या. कुणी अडवलं का? नाय. मग? ‘कशाला उगाच,’ एक जण म्हणाला.

ह्या ‘कशाला उगाच’चा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. पालवणकर बाळू, चांभाराचं पोर. (क्रिकेटवर लिहिणारे बहुतेक त्यांना एकेरीत लिहितात, पतियाळाच्या महाराजांना नाही.) पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर, मग १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. काम काय? खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळ्या लावायच्या, साहेबांना सरावाला बॉल टाकायचे. साहेबांना रोज बॉल टाकून टाकूनच त्यांचा डावरा हात तयार झाला. बॅट कुणी हातात दिली नाही. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा बाळू लागले. पण चहाच्या सुट्टीत सगळे आत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा. विकेट घ्यायला हिंदू, चहा प्यायला अस्पृश्य!

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंची बॉलिंग. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. शिवराम, गणपत, विठ्ठल हे भाऊही खेळाडू निघाले. तरी कप्तानपद? हात आखडताच. १९२० साली त्यावरून शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली, उघड निषेध म्हणून. तेव्हा कुठं बाळूंना उपकप्तान केलं, आणि अंतिम सामन्यात कप्तान पै मैदानाबाहेर गेले तेव्हा थोडा वेळ कप्तानी मिळाली. १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले. विठ्ठलनी ‘माझे क्रीडा-जीवन’ लिहून ठेवलं, १९४८ साली. आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय? मुंबईतली ती धर्मवार स्पर्धा १९४६ ला संपली. गावातली वाडीवार चालू आहे.

आता अवघड गोष्ट. त्या संध्याकाळी पोरांना हे सगळं सांगितलं, तेव्हा पुढचंही सांगितलं. १९३२ साली बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना मुंबईत खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. पोरं गप्प झाली. एकानं शिवी हासडली.

मला राग काँग्रेसचा येतो. जो माणूस हिंदूंच्या संघात पूर्ण वेळ कप्तान चालत नव्हता, तो बाबासाहेबांसमोर उमेदवार म्हणून बरा चालला! पण बाळूंनाही मी सोडत नाही. ते लहान पोर नव्हते, साठीचा माणूस. बाहेरचा चहा प्यायलेल्या माणसाला आत बोलावणाऱ्यांचं मन मोडवत नसेल, हे मला समजतं. समजतं म्हणून मान्य होत नाही. आणि मान्य नाही म्हणून ते ११४ बळी पुसायचे, हेही जमणार नाही. ते बळी आपल्या हाताचे आहेत.

पुढच्या मे महिन्यात बौद्धवाडीची पोरं पऱ्ह्याकाठी आपली स्पर्धा भरवणार आहेत. पट्टी चोपणारे तेच, कप्तानही त्यांचेच. फलकावर पालवणकरांचं नाव टाकायचं की नाही, यावर वाडीत अजून वाद चालू आहे.