तालमीतील हात आणि यंत्राचा डोळा

हाताने शरीराची वेदना शमविण्याची विद्या आपल्याकडे दोन घरी वाढली : ग्रंथात आणि तालमीत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अस्थिभंगावर स्वतंत्र अध्याय असून हाड ओढून, जागी बसवून बांधण्याची रीत त्यात दिली आहे. वाग्भटाने व्यायामानंतर सर्वांगास सुखकर मर्दन करावे असे सांगून हालचाल व मर्दन यांची सांगडच घातली. परंतु मुरगळलेला घोटा किंवा निखळलेला खांदा घेऊन सामान्य माणूस बहुधा जाई तो तालमीतील वस्तादाकडे. जेथे हाडे दुखावत, तेथेच ती बसविण्याची कला जोपासली जावी, हे स्वाभाविक होते.

बडोद्यात या परंपरेचे थोर प्रतिनिधी म्हणजे राजरत्न प्रो. माणिकराव. जुम्मादादांचे हे शिष्य व्यायामाचार्य म्हणून जितके मान्य, तितकेच हाडवैद्य म्हणूनही ख्यातनाम होते. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्यापाशी जगन्नाथ गणेश गुणे हे तरुण व्यायामविद्या शिकले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. मालसरच्या माधवदासजींकडून योगाची दीक्षा घेतल्यावर, १९२० नंतर त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांचे परीक्षण आरंभिले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी 'योगमीमांसा'तून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून खाली जातो, हे त्यांनी मोजून दाखविले.

या प्रयोगांचा विषय वेदना नव्हता, हे खरे. तथापि परंपरेने दिलेली क्रिया तपासावी, मोजावी व लिहून ठेवावी, ही शिस्त त्यांनी घालून दिली. आणि हाडवैद्यकास तिचीच उणीव होती. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागेपर्यंत बोटांचा स्पर्श हाच हाडवैद्याचा डोळा होता. तो कितीही तीक्ष्ण असला, तरी लपलेला तडा त्यास चकवीत असे, आणि चुकीच्या ओढीने एखादी नस कायमची दुखावे.

म्हणून ही विद्या त्याज्य ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. विशिष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत व्यायाम, मर्दन आणि पाठीच्या कण्यावरील हस्तोपचार आहेत. कमरेच्या पट्ट्यांचा सरसकट वापर मात्र तिने अमान्य केला आहे.

राहता राहिले आपल्याकडील काम. उसण, लचक, चमक, कळ, ठणका, शिणक : यांतील प्रत्येक शब्द वेदनेची निराळी जात सांगतो, आणि रोग्याच्या तोंडून तो ऐकूनच वस्तादाचा हात वळे. अंगठ्याचा दाब ग्रंथात उतरविता येत नाही. शब्द मात्र येतात. जुन्या तालमींतून ते टिपून ठेवणे हे वैद्यांइतकेच भाषेच्या अभ्यासकांचेही कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.