एक जोडणी, वर्गभर संगणक

परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाताना हरिसाल लागते. अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटातले हे गाव २०१६ मध्ये राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रकल्पामुळे 'डिजिटल गाव' म्हणून गाजले. २०१९ च्या निवडणुकीत तिथल्या सोयी खरोखर चालतात का, यावरून वादही रंगला. त्या वादात आपल्याला पडायचे नाही. शिक्षकापुढचा प्रश्न निराळा आहे. जोडणी गावापर्यंत आली, तरी ती एका संगणकापासून तीस मुलांपर्यंत कशी न्यायची? आणि ती तुटली, तर वर्गात काय उरते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले ते समुद्रातल्या बेटांवर. हवाई विद्यापीठाचा मुख्य संगणक होनोलुलूत होता आणि तो वापरू पाहणारे निरनिराळ्या बेटांवर. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅमसन व सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' हे बिनतारी जाळे सुरू केले. मुख्य संगणकाच्या दाराशी त्यांनी एक छोटा संगणक बसवला. येणारे संदेश तपासायचे, बिनचूक असतील तर पोच द्यायची आणि आत सोपवायचे, हे त्याचे काम. त्याचे नाव 'मेनेहुने'. हवाईच्या दंतकथांतले हे कष्टाळू बुटके लोक.

बोलायला सर्वांना लहर एकच. मग गोंधळ कसा टाळायचा? ज्याला सांगायचे त्याने सांगून टाकावे. पोच आली नाही, तर आपला संदेश दुसऱ्याच्या संदेशावर आदळला असे समजावे आणि काही काळ थांबून पुन्हा सांगावे. किती काळ, हे मात्र नशिबावर सोडायचे. दोघेही सारखेच थांबले तर पुन्हा आदळणारच. वर्गात दोन मुलांना फासे देऊन हा खेळ जरूर करून पाहा. या पद्धतीत लहरीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच कामी येते. वाय-फायमध्ये बोलण्याआधी कानोसा घेण्याची शिस्त आली, पण फासे अजून आहेतच.

१९८५ मध्ये अमेरिकेने २.४ गिगाहर्ट्झजवळचा पट्टा अशा संदेशवहनासाठी परवान्याविना खुला केला. मायक्रोवेव्ह भट्ट्यांचा हा पट्टा एरवी कोणाला फारसा नको होता! १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले प्रमाण ठरले. वेग सेकंदाला २ मेगाबिट, दोन वर्षांनी ११. दुकानात 'अ‍ॅक्सेस पॉइंट' नावाची डबी मिळू लागली आणि हे काम त्या डबीचेच, अशी समजूत झाली. वास्तविक डबीत मेनेहुनेच बसलेला असतो. फिनलंडच्या यौनी मालिनेन यांनी २००२ च्या सुमारास लिनक्ससाठी 'होस्ट एपी' ही आज्ञावली सर्वांना खुली केली आणि योग्य कार्ड असलेला घरचा संगणकही ते काम करू लागला. तो प्रत्येक यंत्राला घरगुती पत्ता देतो आणि बाहेर सर्वांच्या वतीने एकाच पत्त्याने बोलतो. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे अनेक, पण टपालाचा पत्ता एक, तसे.

आपल्याकडे १९३३ च्या कायद्यानुसार बिनतारी यंत्राला परवाना लागे. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झवरील कमी शक्तीची यंत्रे, घराबाहेरच्या वापरासह, त्यातून मोकळी झाली. मात्र या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. ओल्या पानांत आणि जाड भिंतींत ती लवकर क्षीण होते. पालघर जिल्ह्यात मुंबई आयआयटीने गावागावांमध्ये दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातल्या, सुमारे अर्धा मीटर लांबीच्या लहरी वापरल्या आणि गावात वाय-फाय, ते याच कारणाने. मेळघाटच्या सागवानातही पदार्थविज्ञान तेच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच संगणकात आहे. दुकानातली डबी सहसा संदेश पुढे ढकलते. संगणक साठवूही शकतो. 'किविक्स'सारख्या मोफत आज्ञावलीने मराठी विकिपीडिया त्यात उतरवून ठेवला, की बाहेरची तार तुटली तरी मुलांचे वाचन चालू राहते. वीज गेली तर? इथे जुना लॅपटॉप सरस, कारण त्याची बॅटरी काही वेळ तग धरते. अकोल्याच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात तो पत्र्याखाली मात्र ठेवू नये. आणि आधी कार्ड तपासावे. अ‍ॅक्सेस पॉइंट होणे प्रत्येक कार्डाला जमत नाही.